निर्वासितांची नियतकालिके आणि लिपीचा प्रश्न

वाङ्मयेतिहासात नियतकालिकांची नोंद बहुधा परिशिष्टात होते. ग्रंथ हा खरा पुरावा आणि मासिक किंवा साप्ताहिक ही त्या ग्रंथाची कच्ची वही, असा समज त्यामागे असतो. ज्या भाषेपाशी तिची भूमी आहे, शाळा आणि विद्यापीठे आहेत, तिच्या बाबतीत हा समज फारसा नडत नाही. परंतु ज्या समाजाबरोबर त्याची भाषा तेवढी आली आणि बाकीचे सारे सीमेपलीकडे राहिले, त्याच्या वाङ्मयाचा विचार करताना तो मुळातच गैरलागू ठरतो. तेथे ग्रंथ काढण्यास प्रकाशक नसतो; असला तरी त्याला विक्रेता मिळत नाही. वर्गणीदारांच्या यादीवर चालणारे नियतकालिक हीच अशा समाजाची प्रकाशनसंस्था, तेच ग्रंथालय, तीच साहित्यसभा आणि पुष्कळदा तीच टपालकचेरीही असते.

‘निर्वासित’ या शब्दाचा येथे थोडा विचार केला पाहिजे. मराठीत हा शब्द फाळणीनंतरच्या काळात इतका सिंधी समाजाशी जोडला गेला, की कल्याण-मुंबईच्या बोलण्यात तो जवळजवळ विशेषनामच झाला. हिंदीतील ‘शरणार्थी’ हा शब्द त्या समाजातील अनेकांना रुचला नाही. आम्ही शरण मागायला आलो नाही, आम्ही ‘पुरुषार्थी’ आहोत, असे ते म्हणत. मराठी शब्दात शरणागतीची छटा नाही. ज्याचा निवास गेला तो निर्वासित, एवढेच तो सांगतो, आणि प्रस्तुत विषयाला हाच अर्थ उपयोगी आहे. कारण स्थलांतरित आणि निर्वासित यांच्या नियतकालिकांत जो भेद आहे, तो या निवासाच्या प्रश्नावरच उभा आहे. १९४३ साली बडोद्याहून ‘अभिरुची’ निघू लागले तेव्हा ते महाराष्ट्राबाहेरून निघत होते खरे. पण त्याचे लेखक, त्याचे वाचक आणि त्याचे प्रतिस्पर्धी मुंबई-पुण्यात शाबूत होते. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळींचे ‘एकता’ घ्या. त्याच्या पाठीशीही परतीचे तिकीट काढता येईल असा देश आहे. बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा या औद्योगिक वसाहतीत आज कितीतरी भाषांचे कामगार राहतात. त्यांपैकी कोणी आपल्या भाषेचे मासिक काढण्याच्या खटपटीत पडत नाही, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. गावाकडची भाषा गावाकडे जिवंत आहे, ती दूरध्वनीवर रोज ऐकू येते, आणि सणाला घरी जाता येते. निर्वासिताच्या मासिकाला यांपैकी कशाचाही आधार नसतो. त्याला आपला वाचक सांभाळावा लागतो, आणि तो वाचक नाहीसा झाल्यावर नवा निर्माणही करावा लागतो. ही दुसरी जबाबदारी कोणत्याही भूमिस्थ भाषेच्या संपादकावर नसते.

गेल्या पन्नास वर्षांत जगात या प्रकारच्या नियतकालिकांचे सर्वांत विपुल पीक आले ते व्हिएतनामी भाषेत. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले आणि सव्वा लाखाहून अधिक माणसे त्या एका हंगामात अमेरिकेच्या आश्रयाला गेली. त्यांना प्रथम ग्वाम बेटावर व नंतर अमेरिकेतील लष्करी तळांवर ठेवण्यात आले. ग्वामच्या छावणीतच ‘चान त्रोई मोई’, म्हणजे ‘नवे क्षितिज’, या नावाचे पत्र निघू लागले. अशा छावणीपत्रात काय असते? भोजनाच्या वेळा, अर्ज भरण्याच्या सूचना, इंग्रजीचे सोपे पाठ, आणि नावे. कोण कोणाला शोधत आहे याच्या याद्या हा त्यातील सर्वांत वाचला जाणारा मजकूर. त्याला वाङ्मय कोणी म्हणणार नाही. तथापि निर्वासितांच्या पुढच्या सर्व वाङ्मयाचे मूळ या यादीत आहे असे म्हणावे लागते. कारण लेखक आणि वाचक यांच्यातील ‘तू कुठे आहेस?’ हा प्रश्न पुढे कथेत आणि कवितेत शिरतो तो येथूनच.

१९७८ च्या डिसेंबरात दो न्गोक येन या पत्रकाराने कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्यात ‘न्गुई व्हिएत’ हे चारपानी साप्ताहिक आपल्या घराच्या मोटारखान्यातून सुरू केले. पुढे ते दैनिक झाले आणि अमेरिकेतील व्हिएतनामी वृत्तपत्रांत अग्रगण्य ठरले. त्याच वर्षी वो फिएन या कादंबरीकार-टीकाकाराने एक वाङ्मयीन मासिक काढून पाहिले. त्याचीच परंपरा पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यास न्गुएन मोंग याक यांच्या संपादनाखाली ‘वान होक’ या नावाने चालली. पॅरिसहून ‘के मे’, म्हणजे ‘मातृभूमी’, १९७६ पासूनच निघत होते. टोरांटो, सिडनी येथेही पत्रे उभी राहिली. या सगळ्यांत मराठी वाचकाला विशेष मनोवेधक वाटावे असे उदाहरण ‘वान’ या मासिकाचे आहे. ‘वान’ म्हणजे साहित्य. या नावाचे मासिक सायगावात १९६४ पासून निघत असे. नव्या राजवटीने दक्षिणेतील पूर्वीच्या साहित्यावर ‘पतित संस्कृती’चा शिक्का मारून ते बंदीत टाकले, तेव्हा ते मासिकही गेले. होडीतून देश सोडलेल्या माय थाओ या कथाकाराने १९८२ साली कॅलिफोर्नियात त्याच नावाने ते पुन्हा सुरू केले. नाव तेच, आकृतिबंध तोच, लेखकांपैकी कित्येक तेच. भूमी तेवढी बदललेली. त्याच काळात तेथील व्हिएतनामी प्रकाशक सायगावातील जुनी, जप्त झालेली पुस्तके जशीच्या तशी पुन्हा छापत होते. देश गेला तरी ग्रंथसंग्रह जाऊ नये, ही त्यामागची जिद्द होती.

ही जिद्द ओळखूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गमावलेल्या मासिकाचे नाव पुन्हा लावणे म्हणजे गमावलेल्या वाचकालाच पुन्हा हाक मारणे होय. तो वाचक सायगावात शिकलेला, तेथील रस्ते आणि चहाची दुकाने आठवणारा. त्याला एका शब्दात संध्याकाळ उभी करून देता येते. अशा वाचकासाठी लिहिताना लेखकाची लेखणी सैल सुटते, आणि हीच त्या लेखनाची खोडही होते. स्मरणाला वर्णनाची गरज भासत नाही. नाव घेतले की पुरे. निर्वासितांच्या मासिकांतील पुष्कळसे साहित्य असे नाव घेऊन थांबलेले आहे. मग ते व्हिएतनामी असो की दुसऱ्या कोणत्याही भाषेतले.

कोण आपला वाचक आणि कोण नाही, हा प्रश्न तेथे केवळ वाङ्मयीन राहिला नाही. १९८१ ते १९९० या काळात अमेरिकेत पाच व्हिएतनामी पत्रकारांचे खून झाले. ह्यूस्टन येथील न्गुएन दाम फोंग हा संपादक १९८२ साली आपल्या घराच्या दारात मारला गेला. निर्वासितांमधील एका सशस्त्र संघटनेच्या निधीविषयी त्याने लिहिले होते. या खुनांचा तपास लागला नाही. परक्या देशात चारपानी पत्र काढणे हे किती जोखमीचे असू शकते याची कल्पना यावरून येईल. अशा वातावरणात १९९१ साली चित्रकार-लेखक खान त्रुओंग यांनी ‘होप लू’ हे मासिक काढून देशातील आणि देशाबाहेरील लेखकांना एकाच अनुक्रमणिकेत आणले, तेव्हा स्वजनांतील अनेकांनी त्यांना दूषणे दिली. ‘होप लू’ म्हणजे संगम. वाचक ठरविण्याचा अधिकार स्मृतीकडून काढून भाषेकडे देण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यामुळेच त्याचे मोल राजकीय वादापलीकडचे आहे.

व्हिएतनामी संपादकांना एक सोय मात्र आयती लाभली होती. ती म्हणजे त्यांची लिपी. सतराव्या शतकात जेझुइट मिशनऱ्यांनी रोमन अक्षरांना नाना चिन्हे जोडून व्हिएतनामी लिहिण्याची रीत बसवली. अलेक्झांडर द ऱ्होड याचा कोश रोम येथे १६५१ साली छापला गेला. त्याच्या पस्तीस वर्षे आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स या दुसऱ्या जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे रोमन लिपीतच छापले गेले होते. मराठीत ती रीत रुजली नाही. व्हिएतनामात मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी चिनी वळणाची जुनी अक्षरे मागे पडून तीच राष्ट्रीय लिपी झाली. परिणाम असा, की कॅलिफोर्नियातील संपादकाला कोणतेही इंग्रजी टंकलेखनयंत्र चालण्यासारखे होते. अडचण फक्त चिन्हांची. आणि व्हिएतनामीत चिन्ह गेले तर शब्दच बदलतो. म्हणून सुरुवातीच्या काळात मजकूर टंकलिखित करून त्यावरची चिन्हे हाताने, पेनने काढली जात. पानामागून पान, ओळीमागून ओळ. त्या अंकांची पाने पाहिली म्हणजे यंत्राच्या सरळ अक्षरांवर माणसाच्या हाताची किंचित तिरकी चिन्हे दिसतात. पुढे संगणक आला आणि ही मेहनत संपली. परंतु लिपीसाठी या समाजाला याहून मोठी किंमत मोजावी लागली नाही.

ती किंमत मोजावी लागली आपल्या शेजारी, मुंबईपासून साठेक किलोमीटरवर. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या कल्याण कॅम्पमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेली जवळजवळ लाखभर माणसे ठेवण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले; पण कॅम्प क्रमांक एक ते पाच हे पत्ते अद्याप बोलण्यात आहेत. बंगाल आणि पंजाब यांची फाळणी झाली तेव्हा त्या भाषांना दोन्ही बाजूंस भूमी उरली. सिंध सबंधच पलीकडे गेला. भारतीय सिंधी भाषेला राज्य नाही, जिल्हा नाही; तिला आहेत त्या केवळ वसाहती, महाविद्यालये आणि नियतकालिके. १९४८ साली मुंबईत जयहिंद महाविद्यालय निघाले ते कराचीहून आलेल्या प्राध्यापकांच्या खटपटीने. पाठोपाठ वांद्र्याचे नॅशनल, मग किशिनचंद चेलाराम. मंघाराम मलकाणी यांच्यासारख्या प्राध्यापक-लेखकांभोवती मुंबईत तरुण कथाकार जमू लागले. ‘हिंदुस्तान’ हे दैनिक आणि ‘हिंदवासी’ हे साप्ताहिक मुंबईहून निघत राहिले. हरी मोटवाणी यांनी ‘कूंज’ हे वाङ्मयीन नियतकालिक चालवले. पुढे कच्छमधील आदिपूर येथून लखमी खिलाणी आणि सतीश रोहडा यांच्या प्रयत्नाने ‘रचना’ हे त्रैमासिक उभे राहिले.

‘कूंज’ या नावाकडे लक्ष द्यावयास हवे. कूंज म्हणजे थव्याने उडणारा करकोचाच्या जातीचा पक्षी. शाह अब्दुल लतीफ यांच्या ‘रिसालो’त थव्यापासून ताटातूट झालेल्या कूंजेचा विलाप आहे, आणि तो प्रत्येक सिंधी वाचकाच्या कानात असतो. फाळणीनंतरच्या पहिल्या दशकात गोबिंद माल्ही यांनी लिहिलेल्या कादंबरीचे नावही ‘थव्यापासून दुरावलेली पाखरे’ अशाच अर्थाचे आहे. कॅलिफोर्नियातील ‘वान’ने जुन्या मासिकाचे नाव उचलले, मुंबईतील सिंधी संपादकाने जुन्या कवीची प्रतिमा उचलली. या दोहोंत सिंधी संपादकाची निवड अधिक दूरदृष्टीची वाटते. मासिक विस्मरणात जाऊ शकते. शाहची प्रतिमा सीमेच्या दोन्ही बाजूंस अजून वापरात आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे यावयाचे. हे सारे कोणत्या लिपीत छापावे?

हा वाद फाळणीने निर्माण केला नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. १९३६ पर्यंत सिंधी आणि मराठी एकाच इलाख्याच्या भाषा होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिंधी अनेक लिपींत लिहिली जाई: व्यापारी वर्ग मोडीसारख्या धावत्या खुदाबादी वळणात हिशेब लिही, मुस्लिम विद्वान अरबी वळण वापरीत, आणि कॅप्टन जॉर्ज स्टॅक याने आपले व्याकरण व कोश देवनागरीत सिद्ध केले. सरकारने १८५३ साली अरबी वळणावर आधारलेली बावन्न अक्षरांची लिपी मुक्रर केली. तरीही १८६८ साली सिंधचे शिक्षणाधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांच्यावर खुदाबादी लिपी सुधारून शाळांत आणण्याचे काम सोपविण्यात आले होते. कराचीतील एक जुनी शाळा याच वैद्यांच्या नावाने ओळखली जाई. त्यांचा तो उद्योग टिकला नाही आणि बावन्न अक्षरी लिपीच सर्वांची झाली. शंभर वर्षांत त्याच लिपीत सिंधी गद्य घडले. १९४७ साली आलेल्या हिंदू सिंधी लेखकाची लिपी होती ती ही.

भारतात आल्यावर जयरामदास दौलतराम यांच्यासारख्या नेत्यांनी देवनागरीचा पुरस्कार केला. १९५० साली केंद्र सरकारने शिक्षणासाठी देवनागरीचा आदेश काढला. लेखकांकडून विरोध झाला, आणि १९५१ साली दोन्ही लिपींना मुभा देण्यात आली. ती आजवर कायम आहे. मराठी टीकाकारांना हा वाद जेव्हा जेव्हा माहीत झाला तेव्हा तो धर्माचा आणि राष्ट्रीयत्वाचा वाद म्हणून. देवनागरीवाले ‘भारतीय’, अरबीवाले ‘जुन्याला चिकटलेले’, असे त्याचे सोपे रूप आहे. हे रूप अपुरे आहे. अरबी लिपीचा सर्वांत निकराने कैवार घेणाऱ्यांत पुरोगामी, डाव्या विचाराचे लेखक होते. त्यांना धर्माचे काही पडले नव्हते. वस्तुतः वाद होता तो वाचकाचा. अरबी लिपी ठेवली तर शाहपासून कालच्या कथेपर्यंतचे सारे वाङ्मय आणि सिंधमधील लक्षावधी वाचक यांच्याशी नाते राहते. देवनागरी घेतली तर उल्हासनगरच्या शाळेत हिंदी आणि मराठी शिकणारे मूल सिंधी वाचू शकते. एका लिपीत पूर्वज आणि दूरचे बंधू होते. दुसरीत स्वतःची मुले.

दोन्ही लिपींच्या स्वभावाकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. अरबी वळणाच्या लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहीत नाहीत. शब्द ओळखीचा असेल तर वाचक ते मनाने भरतो. नसेल तर अडतो. म्हणजे ती लिपी वाचण्यासाठी भाषा आधी यावी लागते. देवनागरीत प्रत्येक स्वर लिहिलेला असतो. शब्दाचा अर्थ न कळताही तो उच्चारता येतो. पहिली लिपी ज्याला आठवते त्याची आहे, दुसरी ज्याला शिकायचे आहे त्याची. निर्वासितांच्या प्रत्येक नियतकालिकापुढे आठवणारा वाचक धरावा की शिकणारा वाचक घडवावा हा जो पेच असतो, तो सिंधीत थेट अक्षरांत उतरला आहे. जगातील दुसऱ्या कोणत्या निर्वासित समाजात तो इतक्या उघडपणे दिसत असेल असे वाटत नाही.

देवनागरीचा मार्गही निष्कंटक नव्हता. सिंधीत श्वास आत ओढून उच्चारले जाणारे चार वर्ण आहेत. त्यांच्यासाठी नेहमीच्या ग, ज, ड, ब यांखाली रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरे योजली गेली: ॻोठु म्हणजे गाव, ॿारु म्हणजे मूल. पण मुंबईच्या मराठी-हिंदी छापखान्यांतील खिळ्यांच्या पेट्यांत रेघेची अक्षरे कोठून असणार? ती नसली की साधा ग आणि साधा ब बसवून वेळ मारून नेली जाई, आणि वाचणारे मूल सिंधी शब्द हिंदी उच्चाराने म्हणू लागे. संगणकासाठीच्या युनिकोड या जागतिक संकेतात ही चारही अक्षरे येण्यास २००६ साल उजाडावे लागले. ज्या भाषेला राज्य नाही तिच्या चार अक्षरांसाठी आग्रह धरणारे सरकारही नसते.

पंजाबी निर्वासितांचे उदाहरण येथे ताडून पाहण्यासारखे आहे. लाहोरची उर्दू पत्रे फाळणीनंतर दिल्ली-जालंधरला आली. लाला जगत नारायण यांनी १९४८ साली जालंधरहून ‘हिंद समाचार’ काढले ते उर्दूत, कारण त्यांचा वाचक उर्दू शिकलेला होता. १९६५ साली त्यांनीच ‘पंजाब केसरी’ काढले ते हिंदीत. वाचकांची मुले आता हिंदी शिकत होती. येथे मालकाने मुलांमागे जाण्याचा निर्णय घेतला आणि त्याचा व्यवसाय भरभराटीस आला. परंतु त्यात लिपीबरोबर भाषाही बदलली. सिंधी संपादकाला भाषा बदलावयाची नव्हती. म्हणून त्याचा पेच कठीण होता, आणि म्हणूनच ज्यांनी केवळ व्यवहारज्ञानाने त्याला ‘देवनागरी घ्या आणि मोकळे व्हा’ असा सल्ला दिला, त्यांना तो पेच कळलाच नव्हता असे म्हणणे भाग आहे.

मग लिपीच्या वादाने भारतातील सिंधी नियतकालिकांचा घात केला का? सिंधी लेखक स्वतः पुष्कळदा तसे मानतात. मात्र व्हिएतनामी उदाहरण या निष्कर्षाच्या आड येते. तेथे लिपीचा कोणताच वाद नव्हता; आजोबा आणि नातू यांची अक्षरे एकच होती, आणि ती अमेरिकेच्या शाळेतलीच होती. तरीही नातू व्हिएतनामी मासिक वाचत नाही. सॅन होजे येथील एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने १९९९ साली काढलेले व्हिएतनामी साप्ताहिक २००५ साली बंद केले. अक्षर ओळखता येणे आणि वाचणे यांच्या मध्ये शाळा असते. ती ज्या भाषेची, त्या भाषेचा वाचक होतो. उल्हासनगरमधील पालकांनी मुले इंग्रजी शाळेत घातली तेव्हा अरबी आणि देवनागरी या दोन्ही लिपी एकदमच हरल्या, आणि त्या हरल्या त्या एकमेकींकडून नव्हे.

व्हिएतनामी पत्रे अधिक काळ भरात राहिली याचे कारण निराळे आहे. त्यांना वाचकांची नवी भर मिळत गेली. १९७५ नंतर १९७८-७९ मध्ये होड्यांतून आलेल्यांची लाट आली. १९९० च्या सुमारास पुनर्शिक्षण-छावण्यांतून सुटलेले माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबे अधिकृत योजनेखाली आली. प्रत्येक लाटेबरोबर सायगावची शाळा शिकलेला नवा वर्गणीदार येत होता. सिंधमधून अशी दुसरी लाट भारतात आली नाही. आलेले लोक एका-दोन वर्षांत आले आणि मागचे दार लागले. १९६५ च्या युद्धानंतर दोन्ही देशांतील पुस्तकांची देवघेवही जवळजवळ थांबली. ज्या वाचकासाठी अरबी लिपी राखली होती तो सिंधमध्ये वाढत होता, शिकत होता, मोठी दैनिके चालवीत होता. पण मुंबईचा अंक त्याच्या हाती पडणे दुरापास्त झाले. तरीही सीमेपलीकडील लेखकांचे साहित्य येथील सिंधी मासिकांत छापले जात राहिले आणि येथील लेखकांचे तेथे. पुस्तके हस्ते-परहस्ते जात, एखाद्या प्रवाशाच्या पेटीतून येत. निर्वासित समाज आपल्या मूळ देशातील लेखकांना वाळीत न टाकता छापतो, हे ‘होप लू’च्या इतिहासानंतर विशेष उठून दिसते.

जनगणनेचे आकडे येथे थोडे जपून वापरावे लागतात. २०११ मध्ये भारतात सिंधी भाषकांची संख्या सुमारे २७ लाख ७२ हजार नोंदली गेली. पण त्यात सुमारे दहा लाख कच्छी बोलणारे धरलेले आहेत. उरलेल्यांत वाचणारे किती, हे जनगणना विचारत नाही. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. त्यापूर्वीच साहित्य अकादेमीने तिला मान्यता दिली होती. तीर्थ बसंत यांना १९५९ साली तिचा पहिला पुरस्कार मिळाला. मान्यता, पुरस्कार आणि १९९४ पासून स्वतंत्र राष्ट्रीय परिषद हे सारे लेखकाला मिळाले. वाचकासाठी अशी तरतूद कोणत्याच अनुसूचीत नसते.

या नियतकालिकांतील साहित्याच्या गुणवत्तेविषयी एक मत येथे मांडणे अप्रस्तुत होणार नाही. सिंधचे आंबे, सिंधूचा काठ, हैदराबादच्या घरांवरील वारा घेणारे झरोके यांच्या आठवणींनी भरलेले लेखन विपुल आहे. ते हृद्य आहे, पण एकसुरी आहे. या मासिकांचे खरे धन आहे ते छावणीतील आणि वसाहतीतील कथांत. लष्करी बराकीत पडदा टाकून केलेले दोन संसार, लोकलगाडीत गोळ्या-बिस्किटे विकणारा जमीनदाराचा मुलगा, मुलीच्या लग्नात कोणत्या भाषेत पत्रिका छापावी यावरून उडालेला खटका, असे विषय त्यांत आहेत. मोहन कल्पना यांच्यासारखा लेखक उल्हासनगरात राहून लिहीत होता. पोपटी हिराणंदाणी यांच्या आत्मकथनाला १९८२ चा अकादेमी पुरस्कार मिळाला. मुंबईच्या गिरणगावाची, चाळीची, झोपडपट्टीची कथा मराठीत ज्या वर्षांत लिहिली जात होती, त्याच वर्षांत त्याच महानगराच्या एका टोकाची कथा सिंधीत लिहिली जात होती. मराठी नवकथेच्या इतिहासात तिचा उल्लेखही आढळत नाही. ‘सत्यकथे’च्या वाचकाला रशियन आणि फ्रेंच कथा अनुवादातून परिचित होती, कॅम्प क्रमांक चारमधली नव्हती. यात दुष्टावा नाही. ती कथा ज्या अक्षरांत होती ती वाचता येत नव्हती, आणि ज्या माणसाकडून कापड घेतले त्याच्या घरात मासिक येत असेल हे आपल्याला सुचले नाही.

अनुवादकापुढील अडचण आज वेगळ्या स्वरूपात उभी आहे. १९५० ते १९७० या काळातील अंक अरबी लिपीत आहेत. ते बाळपणी सिंधमध्ये किंवा छावणीच्या शाळेत त्या लिपीत शिकलेल्या माणसांना वाचता येतात, आणि ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या नातवंडांना बोललेली सिंधी थोडीफार कळते, मराठी चांगली येते, पण त्या लिपीतील एक ओळ वाचता येत नाही. तेव्हा या कामाला एकटा अनुवादक पुरणार नाही, जोडी लागेल. एकाने अंक समोर धरून मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने ऐकून मराठीत उतरवावा. अरबी लिपीने न लिहिलेले ऱ्हस्व स्वर वाचणाऱ्याच्या तोंडून येतील, ॻोठु आणि ॿारु यांचे खरे उच्चारही तेथेच ऐकू येतील, आणि वाचता वाचता तो एखाद्या नावाशी थांबून हा कोण, कोणत्या कॅम्पातला, हेही सांगेल. ते टिपणीत घालावे. असे काम उल्हासनगर, पिंपरी किंवा चेंबूर येथे आजही सुरू करता येण्यासारखे आहे. आणि सुरू करावयाचे तर कवितेपेक्षा कथेपासून करावे, कारण पन्नास आणि साठच्या दशकांतील या कथा ज्या रस्त्यांवर घडतात ते रस्ते मराठी वाचकाच्या पायाखालचे आहेत.